पेटी, खोका आणि बंकर

फुजैराला स्वतःचं म्हणावं असं तेल नाही. संयुक्त अरब अमिरातीच्या सात अमिरातींपैकी ही एकच अशी, जिचा सगळा किनारा ओमानच्या आखातावर आहे. पाठीशी हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर आणि समोर अरबी समुद्राकडे मोकळं होणारं पाणी. तरीही जहाजांना इंधन पाजणाऱ्या जगातल्या मोठ्या बंदरांची पंगत मांडली, तर सिंगापूर आणि रॉटरडॅमच्या शेजारी फुजैराचं पान मांडावंच लागतं. याचं कारण नकाशात आहे. इराणच्या आखाताचं तोंड म्हणजे होर्मुझची चिंचोळी सामुद्रधुनी, आणि फुजैरा त्या तोंडाच्या बाहेर आहे. बंदराचं बांधकाम १९७८ साली सुरू झालं, १९८३ मध्ये ते पूर्ण कामाला लागलं. त्याच दशकात इराण-इराक युद्धामुळे आखाताच्या आत तेलवाहू जहाजांवर हल्ले होऊ लागले. मालकाचा निरोप येईपर्यंत, विम्याचा दर ठरेपर्यंत, बंदरात जागा मिळेपर्यंत नांगर टाकून थांबायला सामुद्रधुनीबाहेरची जागा बरी, हे जहाजांनी चटकन ओळखलं. थांबलेल्या जहाजाला इंधन लागतं. ते द्यायला छोटी जहाजं आली, किनाऱ्यावर टाक्या उभ्या राहिल्या. पुढे २०१२ साली अबू धाबीच्या हबशानहून डोंगर ओलांडून दिवसाला १५ लाख पिंपं वाहण्याच्या क्षमतेची वाहिनी इथवर आली. आता तर नुसतं फुजैरा म्हटलं तरी जहाजाच्या धंद्यातल्या माणसाला एकच शब्द आठवतो: बंकरिंग.

मराठी कानाला मात्र हा शब्द वेगळाच ऐकू येतो. सैनिकांचं गाव म्हणून नाव असलेल्या सातारा जिल्ह्यातल्या अपशिंग्यात ‘बंकर’ म्हटलं, तर १९९९ चं कारगिल आणि डोंगराच्या धारेवर दगड-वाळूच्या गोण्या रचून केलेला आडोसा डोळ्यांपुढे येईल. चंद्रपूर किंवा कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात बंकर म्हणजे पट्ट्यावरून आलेला कोळसा दळणाच्या गिरणीत पडण्याआधी जिथे साठतो ते उंच, खाली निमुळतं होत गेलेलं पोलादी कोठार. गोल्फ खेळणाऱ्या थोडक्या मंडळींचा बंकर म्हणजे चेंडू अडकवणारा वाळूचा खड्डा. आणि मर्चंट नेव्हीत मुलगा असलेल्या रत्नागिरीच्या घरात ‘सध्या फुजैराला बंकर घेतायत’ असा निरोप आला, तर त्याचा अर्थ एवढाच की जहाजाच्या टाक्या भरणं चाललंय. आडोसा, कोठार, खड्डा आणि तेल. यांतला खरा अर्थ कोणता, असा प्रश्न सहज मनात येतो. हा प्रश्नच चुकीचा आहे, असं मला म्हणायचं आहे. शब्दाच्या मुळाशी एक अस्सल अर्थ असतो आणि पुढे लोक तो बिघडवत नेतात, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आणि फार प्रतिष्ठित आहे. बंकरचा प्रवास नीट पाहिला तर दिसतं ते असं, की प्रत्येक वळणावर कुणालातरी एक काम अडलं होतं आणि हाताशी असलेला शब्द त्यानं त्या कामाला जुंपला.

मूळ शब्द स्कॉटलंडचा. अठराव्या शतकात तिथे बंकर म्हणजे बसायलाही उपयोगी पडेल अशी पेटी किंवा बाक. आपल्या जुन्या वाड्यात गाद्यांची पेटी भिंतीशी असायची आणि दुपारी तिच्यावरच कुणी लवंडायचं, तसं काहीतरी. रॉबर्ट बर्न्सच्या ‘टॅम ओ’ शँटर’ या १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत खुद्द सैतान खिडकीतल्या बंकरवर बसून वाद्य वाजवतो. त्याच्याही मागे जाऊन शब्दाचं कूळ शोधणारे बाकासाठीच्या जुन्या शब्दाकडे बोट दाखवतात. ते कूळ पक्कं नाही आणि आपलं त्यावाचून अडतही नाही. पेटीवजा बाकावरून मातीचा ओटा, ओट्यावरून किनाऱ्यालगतच्या वाळूतला खळगा, आणि त्या खळग्यांतून गोल्फ खेळणाऱ्यांचा शब्द, ही एक फांदी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच फुटली. दुसरी, जाड फांदी पेटीचीच राहिली. फक्त ती पेटी जहाजावर चढली आणि तिच्यात कोळसा भरला गेला.

या चढण्याचा एक चांगला दाखला मुंबईतच सापडतो. ‘ह्यू लिंडसे’ ही मुंबईच्या गोदीत बांधलेली आगबोट मार्च १८३० मध्ये सुएझकडे निघाली. तिच्या कोळशाच्या कोठारात पाच-सहा दिवसांपुरताच कोळसा मावत होता, आणि पहिला टप्पा, एडन, सोळाशेहून अधिक सागरी मैलांवर. मग कोळसा कोठारात भरला, डेकवर रचला, प्रवाशांच्या खोल्यांतही कोंबला. बोट इतकी खाली बसली की पाणी कठड्याशी आलं. बोट पोचली, पण एक गोष्ट सगळ्यांना कळून चुकली. शिडाच्या जहाजाला वारा फुकट मिळतो. आगबोटीला स्वतःची शिदोरी स्वतःच्या पोटात बाळगावी लागते, आणि ती शिदोरी ठेवायची जागा मालाच्या जागेतून कापावी लागते. म्हणजे त्या जागेला नाव हवं, माप हवं, हिशेब हवा. कोळशाच्या जागेसाठी बंकर हा शब्द इंग्रजीत १८३९ च्या सुमारास आढळू लागतो. त्याच वर्षी जानेवारीत ईस्ट इंडिया कंपनीनं मुंबईहून आरमार पाठवून एडन घेतलं, त्यामागच्या मोठ्या कारणांत एक कारण कोळशाचा तळ हे होतं. ही जुळणी योगायोगाची आहे, पण शब्द आणि तळ या दोघांना जन्म देणारी गरज एकच. मुंबईच्या आगबोटींवर या कोळशाभोवती माणसांची एक उतरंडच उभी राहिली: भट्टीत कोळसा मारणारा तो आगवाला, बंकरमधून कोळसा ओढून भट्टीपर्यंत आणणारा तो कोयलावाला. काळोख, धूळ आणि उकाडा यांत दिवस काढणाऱ्या त्या कोयलावाल्याला बंकर हा शब्द कोशातून शिकावा लागला नसणार.

आता खरी गंमत. एकोणिसावं शतक संपता संपता ‘बंकर कोल’ म्हणजे मालाचा नव्हे तर जहाजानं स्वतः जाळायचा कोळसा, असा प्रयोग रुळला होता, आणि हळूहळू पेटीचं नाव पेटीतल्या वस्तूला चिकटलं. ‘बंकर घेतला’ म्हणजे पेटी विकत घेतली नाही, पेटीत भरायचं ते घेतलं. मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये. मुंबईत ‘डबा आला का?’ असं विचारणाऱ्याला ॲल्युमिनियमची काळजी नसते, पोळी-भाजीची असते. मुंबईच्याच दुसऱ्या एका बोलीत पेटी म्हणजे एक लाख आणि खोका म्हणजे एक कोटी. आणि २०२२ साली ‘पन्नास खोके’ची घोषणा झाली, तेव्हा लाकडी खोकी मोजायला कुणी गेलं नाही. भांड्याचं नाव आतल्या वस्तूला देणं ही भाषेची फार जुनी सवय आहे. बंकरच्या बाबतीत विशेष घडलं ते पुढे. विसाव्या शतकाच्या आरंभी जहाजं कोळशावरून तेलावर जाऊ लागली. डेन्मार्कचं ‘सेलँडिया’ हे डिझेल इंजिनाचं जहाज १९१२ साली दूरच्या प्रवासाला लागलं. ब्रिटिश नौदलानं आपल्या नव्या मोठ्या युद्धनौका तेलावर चालवायचं ठरवलं आणि १९१४ मध्ये त्या सरकारनं अँग्लो-पर्शियन तेल कंपनीचा मोठा वाटा विकत घेतला. तेल पेटीत राहत नाही, टाकीत राहतं. फावड्यानं ओढत नाहीत, पंपानं खेचतात. कोयलावाला गेला, फावडं गेलं, पेटीही गेली. जहाजावरच्या आजच्या माणसाला विचारा: तेल ज्यात आहे ती टाकी, आणि बंकर म्हणजे ते तेल. डबा भंगारात निघाला आणि त्याचं नाव भाजीला कायमचं राहिलं, असा हा प्रकार.

तेलाच्या बाबतीत तर कुणी कुणाला हसावं असा प्रश्न पडावा. आपला ‘तेल’ हा शब्द तिळापासून आला. इंग्रजीतला ‘ऑइल’ लॅटिनमार्गे ऑलिव्हपर्यंत मागे जातो. म्हणजे शब्दशः पाहिलं तर अरबस्तानच्या जमिनीखाली मराठी माणसासाठी तिळाचा आणि इंग्रजासाठी ऑलिव्हचा रस भरलेला आहे. आणि ‘घासलेट’? ‘गॅसलाइट’ या इंग्रजी शब्दानं मराठीत पाऊल टाकलं ते दिव्याचं नाव म्हणून, आणि स्वयंपाकघरातल्या स्टोव्हच्या टाकीत उतरला तो रॉकेलचा अर्थ घेऊन. तोच शब्द तिकडे इंग्रजीत १९३८ च्या एका नाटकाच्या आणि १९४४ च्या चित्रपटाच्या नावातून वेगळ्याच वाटेनं गेला. समोरच्याचा स्वतःच्या बुद्धीवरचा विश्वास उडेल असं त्याला सतत फसवत राहणं, याला आता गॅसलायटिंग म्हणतात, आणि मेरियम-वेबस्टर कोशानं २०२२ चा शब्द म्हणून त्याचीच निवड केली. एकाच शब्दातून एका भाषेत रेशनची रांग निघाली, दुसरीत मानसिक छळ. मूळ अर्थाचा आग्रह धरणाऱ्यानं या दोन भावंडांना एका छताखाली राहायला लावून दाखवावं.

लढाईतल्या बंकरची वाट जर्मनीतून जाते. जर्मन भाषेनं हा शब्द एकोणिसाव्या शतकात इंग्रजीकडून घेतला तो जहाजावरच्या कोळशाच्या कोठारासाठीच. जाड भिंतींची, खोल, बंद जागा एवढं रूप त्यात शिल्लक होतं. महायुद्धांच्या काळात तेच रूप काँक्रीटच्या आश्रयस्थानांना आणि पाणबुड्यांच्या छपरबंद गोद्यांना लागू झालं. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इंग्रजीनं आपलाच शब्द परत घेतला, तो असा काँक्रीट ओतून मिळालेला. बर्लिनच्या बंकरमध्ये ३० एप्रिल १९४५ रोजी हिटलरनं जीव दिला आणि त्यानंतर सामान्य वाचकाच्या मनात या शब्दाचा दुसरा अर्थ उरला नाही. मराठीनं तो वर्तमानपत्रांतून घेतला, म्हणून आपल्याकडे तो जन्मतःच लष्करी. कोळशावर चालणाऱ्या कित्येक युद्धनौकांत बंकर मुद्दाम बाजूच्या भिंतीलगत ठेवत, कारण कोळशाचा थर शत्रूच्या गोळ्याला अडवी. त्यावरून लष्करी अर्थाचं मूळ इथंच आहे असं सांगायचा मोह होतो. पण तसा पुरावा हवा, आणि छान जुळणारी गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे. याच मोहानं काही जण बंकर आणि बंदर यांचंही नातं लावू पाहतात. मुंबईत तर कोळसा बंदर नावाची जागाच आहे! पण बंदर हा फारसी शब्द आहे, समोरच्या इराणमधल्या बंदर अब्बासमध्ये तो आजही नांदतो. या दोघांत आवाजाच्या साम्यापलीकडे काही नाही.

इथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. आडोसा आणि तेल या दोन अर्थांत आज बोलणाऱ्याला काहीच धागा दिसत नसेल, तर हे एकाच शब्दाचे दोन अर्थ कशाला म्हणायचे? योगायोगानं सारखे दिसणारे दोन शब्द म्हणा आणि मोकळे व्हा. बोलणाऱ्याच्या डोक्यापुरतं हे खरं आहे. फुजैराच्या बार्जवरच्या माणसाला कारगिल आठवत नाही. पण इतिहास डोक्यात राहत नाही, वापरात राहतो. मधली कडी, कोळशाचं कोठार, आजही जिवंत आहे, फक्त ती जहाजावरून उतरून कोराडीला गेली आहे. मराठीतला ‘दारू’ पाहा. फारसीतला हा औषधाचा शब्द. एकट्यानं उच्चारला तर आज गुत्ता आठवतो, ‘दारूगोळा’त तो स्फोटकांचा होतो, आणि ‘दवादारू’त मुकाट्यानं जुना वैद्य होऊन बसतो. मुंबईच्या दारूखान्यात आता जुनी जहाजं तोडतात, तरी नाव बंदुकीच्या दारूचं. अर्थ बदलतो म्हणताना जुना मेला आणि नवा जन्मला असं चित्र आपण रंगवतो. घडतं ते वेगळं: जुना अर्थ एखाद्या जोडशब्दात, एखाद्या धंद्यात, एखाद्या गावात कोपरा धरून राहतो. कोकणातला तांडेल होडीचा मुख्य. इंग्रजांच्या जहाजावर तोच शब्द ‘टिंडल’ होऊन सारंगाच्या हाताखाली गेला. म्हणून काही कोकणातल्या तांडेलानं होडीचं सुकाणू सोडलं नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. इंधन हा सरळ, स्वच्छ शब्द असताना पेटीच्या नावाचा हा जुनाट दागिना कशाला मिरवायचा? अरबीत तर ‘जहाजांना इंधन पुरवणं’ असा साधा शब्दप्रयोग चालतो. याचं उत्तर फुजैराच्या नांगरवाड्यातच उभं आहे. समजा, तिथे एक अजस्र तेलवाहू जहाज आहे आणि त्याच्या पोटात वीस लाख पिंपं कच्चं तेल आहे. ते जहाज ‘तेल घ्यायला’ आलंय म्हटल्यावर नेमकं काय समजायचं? पोटातलं तेल दुसऱ्याच्या मालकीचं आहे, विकण्यासाठी आहे. स्वतःच्या इंजिनात जाळायचं तेल वेगळं, त्याचा मालक वेगळा, दर वेगळा, कायदा वेगळा. जहाज भाड्यानं देताना-घेताना बंकर किती शिल्लक आहे हे मोजूनच ताबा बदलतो. माल आणि शिदोरी यांतला हा फरक दाखवायला इंधन हा शब्द पुरत नाही, कारण मालही इंधनच असू शकतो. बंकर टिकला तो या एका कामामुळे.

हा फरक न दिसल्यानं काय होतं ते महाराष्ट्रानं अनुभवलं आहे. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईच्या तोंडाशी ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया ३’ या जहाजांची टक्कर झाली. कंटेनर पाण्यात पडून तरंगू लागले, शेकडो टन तेल सांडलं, उरण-अलिबागकडच्या किनाऱ्यांवर आणि खारफुटीत काळा थर चढला, मासळीचा बाजार बसला. आपण सगळ्यांनी ‘तेलगळती’ म्हटलं. चित्रा तर कंटेनर वाहणारं जहाज होतं, मग तेल आलं कुठून? ते बंकर होतं. पुढे १० वर्षांनी मॉरिशसच्या प्रवाळावर चढलेलं ‘वाकाशिओ’ मालाच्या बाबतीत रिकामंच होतं, आणि तरी त्यानं सुमारे हजार टन तेल सांडून तो निळा किनारा काळा केला. रिकामं जहाज तेल सांडतं, हे वाक्य ‘तेल’ या शब्दानं कोड्यात टाकतं. ‘बंकर’ म्हटल्यावर कोडं उरत नाही. कायद्यालाही हे उशिराच उमगलं. तेलवाहू जहाजांच्या गळतीच्या भरपाईसाठी १९६९ पासून आंतरराष्ट्रीय करार होता. बाकीच्या जहाजांच्या शिदोरीसाठीचा करार २००१ साली झाला आणि नोव्हेंबर २००८ मध्ये अमलात आला. त्याच्या नावातच बंकर आहे.

अर्थ असा वाहता असेल, तर करारमदार कशाच्या भरवशावर करायचे, हा तिसरा आक्षेप, वकिली वळणाचा. त्याचं उत्तर वकीलच देतात: जिथे पैसा अडकतो तिथे ते शब्दकोशावर विसंबत नाहीत, व्याख्या लिहितात. त्या २००१ च्या करारात बंकर तेल म्हणजे जहाज चालवण्यासाठी लागणारं कोणतंही हायड्रोकार्बन खनिज तेल, आणि त्यात वंगणाचं तेलही धरलं आहे. इंजिनाच्या वंगणाला जहाजावरची मंडळी एरवी बंकर म्हणत नाहीत. पण कायद्याला सांडलेल्या थेंबाची जात विचारत बसायचं नव्हतं. बाजारातला अर्थ एक, करारातला त्याहून रुंद. आणि गंमत अशी की शेजारचे शब्दही या ओढाताणीत हलतात. ओडब्ल्यू बंकर ही मोठी पुरवठादार कंपनी २०१४ मध्ये बुडाली, त्यातून एक खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बंकर ६० दिवसांच्या उधारीवर मिळालेलं, पैसे फिटेपर्यंत मालकी पुरवठादाराची, पण जाळायला मात्र आजपासून मुभा. पैसे द्यायची वेळ येईपर्यंत ‘माल’ धुरात गेलेला. मग विकलं काय? २०१६ साली न्यायालयानं ठरवलं की हा करार त्यांच्या वस्तुविक्री कायद्यातल्या अर्थानं विक्रीच नाही. बंकरला जाब विचारायला बसले आणि ‘विक्री’चा अर्थ नव्यानं मांडावा लागला.

शब्द चांगल्या घरी गेला म्हणजे चांगलाच राहतो असंही नाही. नायजेरियातल्या नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात बंकरिंग म्हणजे वाहिनीला भोक पाडून तेल चोरणं. तिथल्या बातम्यांत हा शब्द कानावर आला की लोकांना पोलीस आठवतात, बार्ज नव्हे. आपल्याकडे ‘डबा’नं हेच केलं: शेअर बाजाराच्या नोंदीबाहेर चालणाऱ्या बेकायदा सौद्यांना डबा ट्रेडिंग म्हणतात. प्रामाणिकपणे जेवण पोचवणारा डबा आणि हा डबा एकाच शहरात, एकाच वेळी फिरतात, आणि कुणाचा गोंधळ होत नाही.

फुजैरात सध्या शब्दाच्या पुढच्या वळणाची तयारी चालू आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजी इंधनातल्या गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आली आणि टाक्यांतला माल बदलला. जगभर द्रवरूप नैसर्गिक वायूवर, मिथेनॉलवर चालणारी जहाजं पाण्यात उतरू लागली, आणि ती भरण्यालाही बिनदिक्कत बंकरिंगच म्हणतात. वायू पेटीत राहत नाही, फावड्यानं ओढता येत नाही, आणि मिथेनॉल तर २००१ च्या त्या व्याख्येतल्या खनिज तेलात बसतही नाही. बर्न्सचा सैतान ज्या बाकावर बसला होता त्याचं आता लाकूड नाही, कोळसा नाही, उद्या कदाचित तेलही नसेल. इंधन पोचल्यावर मुख्य इंजिनिअर ज्या पावतीवर सही करतो आणि जी जहाजावर तीन वर्षं जपून ठेवावी लागते, तिचं नाव मात्र ठरलेलं आहे: बंकर डिलिव्हरी नोट.